बातमीचा पगार कोण देतो?

(सुरत येथे मराठी लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय आहे ‘इंटरनेट आणि छापील वर्तमानपत्र’. या विषयावर बोलणारे लोक बहुधा दोनपैकी एक सूर लावतात. एक सूर मर्तिकाचा : छापील पेपर संपला, पत्रकारिता संपली, आता काही खरं नाही. दुसरा सूर वाजंत्रीचा : आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, म्हणजे प्रत्येक जण पत्रकार आहे. मी या शहरातल्या एका गुजराती दैनिकात एकतीस वर्षं नोकरी केली. आधी मुद्रितशोधक होतो, मग उपसंपादक झालो, शेवटची काही वर्षं शहराच्या पानांचं काम पाहिलं. घरात मराठी, शेजारीपाजारी अहिराणी आणि कचेरीत गुजराती असा माझा संसार. या एकतीस वर्षांत जे पाहिलं त्यावरून मला दोन्ही सूर खोटे वाटतात.

संयोजकांनी विद्यार्थ्यांकडून आधीच लेखी प्रश्न मागवून माझ्याकडे पाठवले, याबद्दल त्यांचे आभार. त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा : ‘या व्यवसायात जावं का? पोट भरेल का?’ एकाने पुढे लिहिलंय, ‘घरचे नको म्हणतात.’ लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोली या भागांतल्या घरांतून हे प्रश्न आले आहेत. आई-वडील लूमवर, मार्केटमध्ये किंवा हिऱ्याच्या कारखान्यात राबून मुलांना शिकवतात, तेव्हा त्या मुलांना भाषणात गोड बोलून वाटेला लावणं बरं नाही. म्हणून मी आज एकाच प्रश्नाभोवती बोलणार आहे. बातमी आणणाऱ्या माणसाचा पगार आजवर कोण देत होतं, आता कोण देतं आणि यापुढे कोण देईल?

सुरुवात आपल्या गावापासून करू. छापण्याच्या कलेशी सुरतेचा संबंध फार जुना आहे. सतराव्या शतकात इथे ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल असलेले भीमजी पारेख यांनी कंपनीकडे छापखाना मागितला. आपल्या लिपीत आपले धर्मग्रंथ छापावेत ही त्यांची इच्छा होती. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक इंग्लंडहून आला. यंत्र आलं, कागद आला, पैसा भीमजींनी पुरवला. पण हिल्सला छापता येत होतं, आपल्या अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. खिळे पाडणारा कारागीर मिळाला नाही आणि ते काम तिथेच थांबलं. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावरच्या आपल्या १९५८च्या इंग्रजी ग्रंथात ही हकिगत नोंदवली आहे. यंत्र विकत घेता येतं, ते चालवणारा आणि अक्षर घडवणारा माणूस मात्र तयार करावा लागतो आणि पोसावा लागतो. आज आपण ज्या अडचणीत आहोत ती पुष्कळशी याच जातीची आहे.

पुढे सुरतेतच जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ साली मुंबईत ‘मुंबई समाचार’ सुरू केला. तो आजही निघतो. खुद्द सुरतेत ‘गुजरातमित्र’ची परंपरा १८६३पासूनची आहे. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं. ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो, हार घालतो, भाषणं करतो. पण बाळशास्त्रींचं पोट ‘दर्पण’वर चालत नव्हतं, हे त्या दिवशी कुणी सांगत नाही. ते शिकवण्याचं काम करत, एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते. टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८० साली आधी न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि ‘केसरी’ त्यानंतर वर्षभराने आला. एकोणिसाव्या शतकातला मराठी संपादक बहुधा शिक्षक, वकील किंवा छापखान्याचा मालक असे. मिळकत एकीकडून आणि लेखन दुसरीकडे, असा तो व्यवहार होता.

महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, भविष्य निर्वाह निधी असणारा, निवृत्त होणारा पत्रकार ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला, वेतन मंडळं आली. त्यातलं शेवटचं मजिठिया मंडळ. त्याच्या शिफारशी २०११मध्ये लागू करण्याचा आदेश निघाला, मालक न्यायालयात गेले आणि २०१४च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम केला. म्हणजे नोकरी म्हणून पत्रकारिता ही आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपुरती होती. ती फार जुनी आणि अढळ गोष्ट होती आणि इंटरनेटने एका रात्रीत बुडवली, असं समजण्याचं कारण नाही.

आता हा पगार येत कुठून होता ते पाहू. वाचक सकाळी काही रुपये देऊन पेपर घेतो. त्या पैशात बहुतेक वेळा कागद आणि शाईसुद्धा निघत नाही. त्यातून विक्रेत्याचं आणि एजंटाचं कमिशन जातं. महिन्याच्या शेवटी रद्दी विकून वाचकाचे काही पैसे परत येतात. गुजरातमध्ये तर कूपनं चिकटवून बादली, टब नाहीतर प्रवासी बॅग न्यायची योजना असे, तेव्हा पेपर फुकटच पडला असं वाचक म्हणू शकत होता. पेपर चालत होता तो जाहिरातीवर. पहिल्या पानावरच्या मोठ्या जाहिराती सगळ्यांना दिसतात, पण रोजचा आधार होता छोट्या जाहिरातींचा : नोकरी, घर भाड्याने, गाळा विकणे, वधू-वर, हरवले-सापडले, नाव बदल, शाळाप्रवेश, नवं दुकान. सुरतेत यात एक खास भर. साडी, ड्रेस मटेरियल, जरी, हिरे यांची बाजारपेठ असल्याने दिवाळीच्या आधीचे अंक जाड होत.

आणि एक होतं बेसणं. इथल्या मराठी घरांनाही हा शब्द आता परका राहिलेला नाही. घरात कुणी वारलं की बेसण्याचा दिवस, वेळ आणि ठिकाण सांगणारी फोटोसह जाहिरात पेपरात देतात. चहाबरोबर आधी ते पान पाहणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत. पहिलं पान नंतर. ओळखीतलं कुणी गेलं आणि आपण गेलो नाही, ही या गावात मोठी चूक मानली जाते. जाहिरात विभागातले आमचे सहकारी म्हणत, मंदी आली तरी हे पान भरतं.

म्हणजे उत्तर असं. महापालिकेच्या सभेत दिवसभर बसणाऱ्या वार्ताहराचा पगार महापालिकेच्या बातमीत रस असलेला वाचक देत नव्हता. तो देत होता गाळा विकणारा, मुलीसाठी स्थळ पाहणारा आणि वडिलांच्या बेसण्याची जाहिरात देणारा. बातमी आणि जाहिरात यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, फक्त त्या एकाच कागदावर छापल्या जात. इंटरनेटने या दोघींची जोडी तोडली. सगळ्या बदलाचं मूळ मला इथे दिसतं.

हे एकदम झालं नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं. त्यानंतर वीस वर्षं आपल्याकडचे पेपर वाढतच होते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये दैनिकं बंद पडत होती, लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ने २०१६ साली छापणं थांबवलं. पण आपल्या ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सच्या आकड्यांप्रमाणे २००६ साली रोज ३ कोटी ९१ लाख प्रती खपत होत्या, त्या २०१६ साली ६ कोटी २८ लाख झाल्या. नवे साक्षर होत होते, छोटी शहरं वाढत होती, दैनिकं जिल्ह्याजिल्ह्यात आवृत्त्या काढत होती. खानदेशातही त्या काळात नव्या आवृत्त्या आल्या. तेव्हाच्या परिसंवादांत आम्ही छाती काढून सांगत असू की, भारताची गोष्ट वेगळी आहे.

मग सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. तोपर्यंत इंटरनेट संगणक असलेल्या घरांचं होतं, आता ते लूम चालवणाऱ्याच्या खिशात आलं. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात जो कामगार चहाच्या टपरीवर पेपर उलटत बसे, तो मोबाइल पाहू लागला. घर भाड्याने देणं, जुनी गाडी विकणं, स्थळ शोधणं ही सगळी कामं एकेक करून पेपराबाहेर गेली. बेसण्याची सूचनाही आता समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तासाभरात पोचते, पैसे लागत नाहीत. उरलेल्या मोठ्या जाहिरातींचा फार मोठा वाटा गूगल आणि फेसबुककडे वळला. बातमी पेपरवाल्याने आणायची आणि तिच्या शेजारच्या जाहिरातीचा मोठा हिस्सा दुसऱ्याने घ्यायचा, या तक्रारीवर भारताच्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२मध्ये गूगलची चौकशी करण्याचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियाने तर २०२१ साली यासाठी कायदाच केला.

त्यातच २०१९च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्रीय कागदावर १० टक्के सीमाशुल्क लागलं, पुढल्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं. आणि मग कोविड. एप्रिल २०२०मध्ये महाराष्ट्रात घरोघरी पेपर टाकण्यावर काही काळ बंदी आली. कागदावरून विषाणू येतो ही भीती सगळीकडेच पसरली होती. वर्षानुवर्षांची सवय त्या महिन्यांत मोडली आणि कित्येक घरांत ती पुन्हा लागलीच नाही. आम्ही जिथे काम करत होतो तिथे स्थानिक पुरवणी बंद झाली, माझ्या ओळखीचे अनेक जण घरी बसले. कुणी शिकवण्या सुरू केल्या, कुणी एका साडीच्या दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळतो. माझ्याबरोबर मुद्रितशोधनाला असलेले एक गृहस्थ आता लग्नपत्रिका तपासून देतात. ते हसत सांगतात, ‘इथे चूक राहिली तर निदान गिऱ्हाईक भांडायला येतं.’

हे फक्त आपल्याकडे नाही. व्हिएन्नाचं ‘वीनर त्साइटुंग’ हे दैनिक १७०३ सालापासून निघत होतं. ३० जून २०२३ला त्याची छापील दैनिक आवृत्ती बंद झाली. का? तर कंपन्यांनी आपल्या सूचना त्यात पैसे भरून छापल्याच पाहिजेत, हे कायद्याचं बंधन उठलं. तीनशे वीस वर्षांचं दैनिक, पण त्याचाही पगार बातमीच्या वाचकाकडून येत नव्हता.

इथे तुम्ही म्हणाल, बरं, मग बिघडलं काय? बेसण्याची सूचना फुकट आणि लवकर पोचते, वाईट काय आहे त्यात? या प्रश्नाचं उत्तर मला २०२१च्या एप्रिल-मेमध्ये मिळालं आणि ते याच गुजरातमध्ये मिळालं.

दुसऱ्या लाटेत मृतांचे सरकारी आकडे आणि स्मशानांतल्या रांगा यांचा मेळ बसत नव्हता. सुरतेत आपण सगळ्यांनी ते पाहिलं आहे, अधिक सांगत नाही. त्या वेळी ‘संदेश’च्या वार्ताहरांनी अहमदाबादच्या कोविड रुग्णालयाच्या शवागाराबाहेर रात्रभर उभं राहून बाहेर नेले जाणारे मृतदेह मोजले. पेपरांतल्या श्रद्धांजली आणि बेसण्याच्या जाहिराती एक-दोन पानांवरून कितीतरी पानांवर गेल्या आणि ती पानंच पुरावा म्हणून देशाबाहेरच्या बातम्यांत दाखवली गेली. मे महिन्यात ‘दिव्य भास्कर’ने राज्यातल्या मृत्यूच्या दाखल्यांचा हिशेब छापला. १ मार्च ते १० मे २०२१ या काळात सुमारे १ लाख २३ हजार दाखले दिले गेले होते, आदल्या वर्षी त्याच काळात सुमारे ५८ हजार. कोविडचे अधिकृत मृत्यू मात्र ४ हजार २००च्या आसपास. सरकारने सांगितलं की, दाखल्यांची संख्या म्हणजे कोविडचे मृत्यू नव्हेत. शब्दाला शब्द लावला तर ते बरोबर होतं. पण त्या हिशेबामुळे प्रश्न विचारला गेला आणि तो कागदावर राहिला.

या दोन कामांत काय लागलं याचा विचार करा. शवागाराबाहेर रात्र काढायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो, आजारी पडला तर मागे संस्था लागते. जिल्ह्याजिल्ह्यातून, महापालिकांतून दाखल्यांचे आकडे गोळा करायला जागोजाग बातमीदार लागतात. छापण्याआधी ‘हा आकडा नक्की कुठून आला?’ असं विचारणारा संपादक लागतो आणि नोटीस आली तर वकील लागतो. त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरही हजारो मजकूर फिरत होते. त्यांतले काही खरेही असतील. पण ते खरे आहेत असं कुणी आपलं नाव घालून सांगत नव्हतं. आणि बेसण्याच्या जाहिराती जर तेव्हा फक्त ग्रुपवर आल्या असत्या, तर प्रत्येक घराचं दुःख प्रत्येक ग्रुपमध्येच राहिलं असतं. ती पानं एकत्र होती, तारखेसह होती, सगळ्यांना दिसत होती, म्हणून गावावर काय कोसळलंय ते मोजता आलं. छापील पेपर म्हणजे गावाची रोजची सार्वजनिक नोंदवही. नोंदवही बंद झाली तर माणसं मरायची थांबत नाहीत, फक्त किती मेली ते कळत नाही.

दुसरी आठवण २४ मे २०१९ची. सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि क्लासला आलेली २२ मुलं गेली. जीव वाचवायला मुलं वरून उड्या मारत होती. त्याचे व्हिडिओ काही मिनिटांत देशभर पोचले. त्या व्हिडिओंनी काम केलं हे मी नाकारत नाही. तोकडी शिडी, उशीर, बांधकाम हे सगळं लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कुणाला लपवता आलं नाही. पण तीच दृश्यं त्या मुलांच्या आई-वडिलांच्या मोबाइलवरही पुनःपुन्हा आली. बातमीच्या टेबलावर अशा वेळी वाद होतात. कोणता फोटो घ्यायचा, चेहरा दिसू द्यायचा का, नाव कधी छापायचं. या वादात घालवलेली पंधरा मिनिटं हेही बातमीचंच काम असतं. मोबाइलवर पुढे ढकलणाऱ्याला ती पंधरा मिनिटं कुणी शिकवलेली नसतात.

आता दुसरी बाजू. छापील पेपराचा काळ फार पवित्र होता, असं मी म्हणणार नाही. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन उमेदवारांच्या बातम्या छापल्या गेल्या. पी. साईनाथ यांनी तो प्रकार उजेडात आणला, प्रेस कौन्सिलने त्याचा तपास केला. तेव्हा मोबाइलवर बातमी वाचणारे अगदी थोडे होते. विश्वास विकायला आम्हाला इंटरनेटची गरज लागली नव्हती. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन बातमीमागे आणि टक्का जाहिरातीमागे, ही पद्धतही जुनीच. ज्याच्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहायची, हा पेच कित्येकांनी आयुष्यभर सोसला.

आणि आपल्या वस्त्यांचं काय? विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत खानदेशाला जोडली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं त्याच वाटेने येत राहिली, आज ती या शहराचा मोठा भाग आहेत. महापालिकेच्या शाळांत मराठीसह सात माध्यमांतून शिकवलं जातं. पण गुजराती पेपरांत आमच्या वस्त्यांचं नाव बहुधा गुन्हे आणि पाणी तुंबलं या दोनच कारणांनी येई. मुंबईचे मराठी पेपर गाडीने यायचे, त्यांत सुरत नसे. खानदेशातले पेपर आले तर त्यांत गावाकडची खबर असे, इथली नसे. आणि अहिराणी? अहिराणीला रोजच्या छापील पानात कुणीच जागा दिली नाही, मराठीनेसुद्धा नाही. आज अहिराणी गाणी, विनोद, गावगप्पा यूट्यूबवर लाखो लोक पाहतात. आमच्याच गल्लीतली पोरं तुंबलेल्या गटारीचा व्हिडिओ टाकतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी येते. ज्यांना छापील जगाने दारात उभं केलं नव्हतं त्यांना इंटरनेटने आत घेतलं, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

एवढंच की गटारीचा व्हिडिओ करायला एक दिवस पुरतो. ती गटार दर पावसाळ्यात का तुंबते, तिचं कंत्राट कुणाला आहे, अंदाजपत्रकात किती रक्कम धरली होती आणि किती खर्च झाली, हे शोधायला तीन महिने लागतात. पहिलं काम इंटरनेटने सोपं केलं. दुसऱ्याचा पगार कुणी द्यायचा, हे अजून ठरलेलं नाही.

या सभेत लेखक आणि शिक्षक आहेत म्हणून भाषेबद्दलही बोलतो. वर्तमानपत्र हे आपल्या भाषेचं सर्वांत मोठं सार्वजनिक मुद्रितशोधन-केंद्र होतं. जुळारी खिळे जुळवायचा, त्याचं वाचन व्हायचं, गॅली यायची, ती तपासली जायची, मग पान लागायचं आणि पुन्हा एकदा नजर फिरायची. संगणक आल्यावर जुळारी गेला. पुढे मुद्रितशोधक गेला. आता बऱ्याच ठिकाणी एकच मुलगा किंवा मुलगी बातमी लिहिते, मथळा देते, फोटो लावते, व्हिडिओला आवाज देते आणि स्वतःचंच मुद्रितशोधन करते. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे शाळेत शिकवणाऱ्यांना मी सांगायला नको. इंग्रजी बातमीचं यंत्राने केलेलं भाषांतर थोडं हात फिरवून चढवलं जातं. मथळ्याचं कामही बदललं. पूर्वी मथळ्यात बातमी सांगायची असे, आता ती लपवायची असते, म्हणजे वाचक बोट लावेल. ‘जाणून घ्या’, ‘पाहून थक्क व्हाल’ ही त्या बाजारातली मराठी. मुलं निबंधातही तसंच लिहू लागली आहेत, असं एका शिक्षकांनी मला सांगितलं.

आणखी एक काळजी जतनाची आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांचे फाँट निरनिराळे होते, आधी फाँट उतरवून घ्यायचा आणि मग बातमी वाचायची. त्या काळातला किती मजकूर आज उघडत नाही! संकेतस्थळाची रचना बदलली की जुने दुवे तुटतात. छापील अंकाला वाळवी लागते हे खरं, पण शंभर वर्षांपूर्वीचा अंक ग्रंथालयात जाऊन वाचता येतो. आपल्याकडे १८५० सालची अँड्र्यूज लायब्ररी आहे, महापालिकेचं कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय आहे. दहा वर्षांपूर्वी मोबाइलवर वाचलेली बातमी आज पुन्हा शोधून दाखवा म्हटलं, तर आपली पंचाईत होते.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येतो. या व्यवसायात जावं का?

माझं उत्तर असं आहे. वर्तमानपत्रात नोकरी मिळेल, तिथे पस्तीस वर्षं काढता येतील आणि त्यावर घर बांधता येईल, या हिशेबाने येऊ नका. तो हिशेब माझ्या पिढीत जेमतेम जुळला, तुमच्या पिढीत जुळणं कठीण आहे. पण बातमीचं काम संपलेलं नाही. ते एका इमारतीतून बाहेर पडून विखुरलं आहे. ते करायचं असेल तर चार गोष्टी सांगतो.

एक, इतरांकडे नसलेलं काहीतरी तुमच्याकडे हवं. सुरतेतल्या मराठी मुलाकडे ते आहे. तुम्हाला मराठी, अहिराणी, गुजराती आणि हिंदी येते. एकाच दिवशी लूमवरच्या कामगाराशी, मार्केटमधल्या व्यापाऱ्याशी आणि महापालिकेच्या अधिकाऱ्याशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलू शकणारे बातमीदार मोठ्या संस्थांतही थोडेच सापडतात. या चारही भाषा लिहिता आल्या पाहिजेत, नुसत्या बोलता येऊन चालणार नाही.

दोन, कागद वाचायला शिका. महापालिकेचं अंदाजपत्रक, निविदा, न्यायालयाचा निकाल, शाळेची पटसंख्या. २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा करायचा, अपील कधी करायचं, हे शिका. व्हिडिओ सगळ्यांना काढता येतो, कागद वाचणारे थोडे असतात.

तीन, फुकट काम करू नका. ‘अनुभव मिळेल’, ‘ओळखपत्र देतो’, ‘जाहिरात आणा, टक्का घ्या’ असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. नेमणुकीचं पत्र मागा. २०२०च्या कामगार संहितेत श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमांत काम करणारेही घेतले आहेत. कायदा वाचून ठेवा, तो आपोआप कुणाच्या मदतीला धावत नाही.

चार, जोडीला दुसरी मिळकत असण्यात कमीपणा मानू नका. बाळशास्त्री शिकवत होते. शिकवा, भाषांतर करा, हिशेब लिहा. फक्त ज्याच्याकडून पैसे घेता त्याच्याबद्दल बातमी लिहू नका. ही एक रेघ पाळली तर बाकीचं शिकता येतं.

शिक्षकांना एक विनंती. शाळेत रोज निदान एक मराठी आणि एक गुजराती पेपर घ्या आणि आठवड्यातून एक तास मुलांना द्या. एकच घटना दोन पेपरांत आणि मोबाइलवर कशी आली, ते शेजारी शेजारी ठेवून पाहायला सांगा. कोण काय सांगतंय, कुणाच्या हवाल्याने सांगतंय आणि काय सांगितलेलं नाही, एवढं तीन रकान्यांत लिहून घ्या. यातून सगळे पत्रकार होणार नाहीत, पण खोटी बातमी पुढे ढकलण्याआधी थांबणारे निघतील.

लेखकमित्रांना विनंती अशी की, सुरतेतल्या मराठी माणसांची नोंद आपणच ठेवायची आहे. कोणत्या गल्लीत कोणत्या गावची माणसं आली, पहिली मराठी शाळा कुणी मागितली, १९९४च्या प्लेगमध्ये कोण गाव सोडून गेलं आणि कोण राहिलं, २००६च्या पुरात कुणाच्या गच्चीवर किती लोक होते, हे सांगणारी माणसं अजून आहेत. ते लिहून घ्या, तारखा घाला, सांगणाऱ्याची संमती घ्या आणि त्याची एक छापील प्रत ग्रंथालयात द्या. मोबाइलवर टाकायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका.

आणि आपण सगळेच वाचक आहोत म्हणून शेवटचं. आजवर आपल्या बातमीचा पगार दुसरं कुणीतरी भरत होतं, म्हणून बातमी स्वस्त असते अशी आपली समजूत झाली. तो भरणारा आता उठून गेला आहे. त्याच्या जागी सरकार, एखादा उद्योगपती किंवा एखादा पक्ष बसला, तर बातमी त्याची होईल. वाचक बसला, तर वाचकाची होईल. ज्या कुणाची बातमी तुम्हाला खरी वाटते, मग तो पेपर असो, मासिक असो किंवा गल्लीतल्या दोन मुलींनी चालवलेलं वार्तापत्र असो, त्याची वर्गणी भरा. मुलांना या व्यवसायात पाठवायचं की नाही हे घरचे ठरवतील. पण ती गेलीच, तर महिनाअखेर त्यांच्या हातात काय पडेल, ते आपण आज कुणाला पैसे देतो यावर ठरणार आहे.